शंभर डबे आणि त्यांवरचं नाव

"शैलाला बाजारात नका पाठवू साहेब. दुकानदार सांगेल तो भाव ती सुंदर अक्षरात लिहून आणील."

हिरेमठ आमचे मॅनेजर. टाइपरायटरच्या आवाजात मला ऐकू येणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. मी नेमकी कागद बदलत होते. केबिनमध्ये साहेब हसले.

"मग कोण? विजया?"

"विजयाच. परवा तिच्यापुढं ट्रकवाला रडायचा राहिला होता."

अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मी तिथे परचेसला, म्हणजे खरेदी खात्यात, क्लार्क आहे. सूत, रंग, मागाचे सुटे भाग, फिनेलसुद्धा. तीन दुकानांकडून लेखी भाव मागवायचे, त्यांना कोटेशन म्हणतात, आणि ते शेजारी शेजारी मांडून साहेबांपुढे ठेवायचे. या कामात फारसं बोलावं लागत नाही. म्हणूनच ते मला आवडतं. विजया डिस्पॅचला. तिचा सगळा दिवस बोलण्यात जातो.

दिवाळीनंतर परचेस असिस्टंटची कायमची जागा भरायची होती. ती आम्हा दोघींपैकी एकीला मिळणार, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. त्यामुळे दिवाळीच्या भेटींची खरेदी ही आमची परीक्षाच होती.

कामगारांना दर दिवाळीला बोनसशिवाय एखादी वस्तू देतात. टॉवेल देऊन चालत नाही. टॉवेल आणि चादरींचं सोलापुरात कुणाला कौतुक नाही. या वेळी साहेबांनी झाकणाचा स्टीलचा डबा ठरवला. अजून बहुतेक घरांत पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम आहे, स्टील म्हटलं की बायका वळून बघतात. आम्हा दोघींना बोलावून साहेब म्हणाले, "शंभर डबे, पंधराशे रुपये. त्यात हमाली आली, डब्यावर कारखान्याचं नाव घालणं आलं. वर एक पैसा मागायला यायचं नाही."

मी कोटेशन मागवली. स्टीलच्या भांड्यात पत्र्याची जाडी महत्त्वाची. तिला गेज म्हणतात. दोन डबे दिसायला सारखे असतात, पण जाड पत्र्याचा वजनाला भरतो आणि महाग पडतो. पंधराशेत बसवायचं तर मला पातळ पत्रा घ्यावा लागला. पण हमालीपासून नावापर्यंत सगळं त्यात धरलेलं होतं.

मग विजया बाजारात गेली. तिच्याबरोबर मला पाठवलं, लिहून घ्यायला.

मंगळवार पेठेतल्या दुकानात तिने माझ्या नमुन्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाड डबा उचलून टिचकी मारली.

"चाचा, हे कितीला?"

चाचांनी भाव सांगितला. मी लिहायला लागले.

"लिहू नकोस गं!" विजया म्हणाली. "चाचा, पोरींना बघून भाव सांगताय व्हय? शंभर नग घेणार हाय की आमी."

"बेटी, घर का नुकसान करूं क्या? नक्को."

"नक्को म्हणू नका. सकाळची बोहनी आमची."

चाचा हसले. पाणी मागवलं, मग चहा. त्यांच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंत विषय गेला. घरी तेलुगू बोलणारी ही मुलगी एव्हाना चाचांशी त्यांच्या भाषेत आणि हमालाशी त्याच्या भाषेत बोलत होती. मी कॉन्व्हेंटची. मला दोन भाषा चांगल्या येतात, पण दुकानाच्या पायरीवर दोन्ही घशात अडकतात. चाचांनी शेवटी जाड डबा चौदाला दिला. मी त्याचा लेखी भाव विचारायचीही हिंमत केली नव्हती. विजयाच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि ती पाय ओढत चालत होती. मला तेवढ्यानेसुद्धा बरं वाटलं.

ऑफिसात डबा हातोहात फिरला. जो तो त्याच्यावर अंगठा दाबून बघत होता. मग कुणीतरी माझा नमुना दाबला. त्याला पोचा आला. दाबणाऱ्याने तो हळूच टेबलावर ठेवला. हसला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये हिरेमठांनी विचारलं, "विजया, नाव घालायचं धरलंस का यात?"

विजयाने जीभ चावली. भाव पाडण्याच्या नादात ती ते विसरली होती. नाव कोरणारा अक्षरावर पैसे घेतो, आणि साहेबांना दोन ओळी हव्या होत्या: कारखान्याचं पूर्ण नाव आणि 'दीपावलीची सप्रेम भेट'. चौदाशेच्या डब्यांवर तो खर्च चढवला की पंधराशे ओलांडले जात होते.

"वर पैसे नाहीत म्हणजे नाहीत," साहेब म्हणाले. "शैलाचं कोटेशन बसतं ना? मग तेच घ्या."

मी खाली बघत होते. हसू दिसू नये म्हणून.

तेवढ्यात विजया म्हणाली, "शैलाचंच घ्या साहेब. तिनं सगळं धरलंय की. ती जागापण तिलाच द्या. मी लई वेंधळी हाय."

आणि माझ्याकडे बघून मनापासून हसली. हरतानासुद्धा हिला इतकं छान जमतं! तिच्या शिफारशीने मिळालेली जागा मला नको होती.

माझी आई माझ्या लग्नासाठी भांडी जमवते. कुठूनही भांडं आलं की आधी उलटंपालटं करून बघते. दुसऱ्याचं नाव असलेलं रोजच्या वापरात जातं. कोरं असलं तर कपाटात, रुखवतासाठी.

"नाव नाही घातलं तर?" मी म्हणाले. "कोरा डबा मुलीच्या लग्नात मांडता येतो."

"काय?" साहेबांनी कानामागे हात नेला.

"अवो साहेब, नावच नको!" विजया जवळजवळ ओरडली. "कोरा डबा बायका पोरीच्या रुखवताला ठेवतील. तुमचं नाव घालून काय, त्यात तिखट भरायचं?"

साहेब मोठ्याने हसले. "शाब्बास विजया! हिरेमठ, बघा, याला म्हणतात परचेस."

पुढचं सांगून टाकते. जाड डबे आले, हमालीसकट पंधराशेच्या आत. डबा हातात घेतल्यावर बायकांनी आधी तो उलटा करून बघितला आणि पदराखाली घेतला. जागा विजयाला मिळाली. मी अजून कोटेशन टाइप करते, तिच्या सहीसाठी. बजेट पाळायचं तर भाव पाडण्याइतकंच काय गाळायचं हे कळावं लागतं, एवढं मी शिकले. ते कुणाच्या नावावर जमा होतं, हा वेगळा हिशेब.

पण त्या दिवशी सगळे केबिनमधून निघाले, तेव्हा मी दारातून मागे फिरले. विजया शेजारीच होती. हिरेमठही होते. माझा आवाज बाहेर टाइपरायटरपर्यंत गेला असणार.

"साहेब, नाव काढायचं मी सांगितलं. विजयाने फक्त मोठ्याने सांगितलं."