अकरा महिन्यांचा कागद

बायकोबरोबर शेवटचं बाहेर गेलो ते बडोद्याच्या कोर्टासमोर, टायपिंगवाल्याकडे. सुभानपुऱ्यातलं घर तिच्या नावावर, त्यातली मागची खोली भाड्याने द्यायची होती. कार्बनने काळी झालेली बोटं केसांना पुसत तो म्हणाला, “काकी, अकराच महिने लिहायचे. बारावा लागला के भाडूत हलणार नाय.”

मधे ती वारली. अकरा महिने भरले, तसा कागद नवा करायला मी एकटाच त्याच्याकडे गेलो.

“काकींची सही?”

“आता कुठली सही? मेली ती.”

त्याने मशीनवरची बोटं उचलली. “तर पहिलं घरावरचं त्यांचं नाव कमी करा, काका. तुम्ही तर फक्त राहता ने?”

चाळीस वर्षं राहतोय. मग मी कोण? आणि तिचं नाव मी खोडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाडेकरूला म्हटलं, “राहा तसाच, बिनकागदाचा.”