मागून आलेली टपली

श्री. उत्तमराव साळवे यांची, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अण्णांची, साठ वर्षं पूर्ण झाली आणि एकसष्टीच्या या गौरवग्रंथात मीही लिहावं असं समितीचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, अहो, माझा हात शिलाई मशीनवर चालतो, कागदावर नाही. त्यावर समितीतले एक जण म्हणाले, "तुमी बोलता लई. तेच ल्ह्या की." तेव्हा लिहितो. चुकलं-माकलं तर ते त्यांच्या माथी.

अण्णांची आणि माझी पहिली ओळख झाली ती सुप्याला, एका गॅरेजसमोरच्या लिंबाखाली. मी डोकं धरून बसलो होतो. भोवती पाच-सात माणसं हसत होती. गळ्यात टेप, खांद्यावर रेक्झिनचा तुकडा अशा अवतारात एक गृहस्थ गर्दीतून पुढे आले. त्यांनी मला 'झोप लागली होती का?' असं विचारलं नाही. त्यांच्याशिवाय बाकी सगळ्यांनी तेच विचारलं होतं. अण्णांनी विचारलं, "कुठं लागलं?" आणि माझ्या डोक्याला मागून हात लावून पाहिला. "टेंगूळ हाय की रं," असं म्हणाले आणि गाडीकडे गेले.

मी तेव्हा श्रीरामपूरच्या एका डॉक्टर मॅडमच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. गाडी जुनी, पण परदेशी बनावटीची. पुण्याहून परत येत होतो. चैत्रातली दुपार. मॅडम मागच्या सीटवर पेंगत होत्या. सुप्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या अशा संथ फिरत होत्या की त्यांच्याकडे बघताना आपलाही श्वास संथ होतो. पुढे डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसत होतं. जवळ जावं तर ते आणखी लांब सरकत होतं. आणि तेवढ्यात कुणीतरी मागून माझ्या डोक्यात सणसणीत टपली मारली. पुढच्या क्षणी गाडी रस्ता सोडून कांद्याच्या वावरात शिरली होती. नशीब, वेग कमी होता आणि माती भुसभुशीत. बंपर चेपला, कांदे तुडवले गेले, कुणाला काही झालं नाही.

मी खरं ते सांगितलं, "मॅडम, मागून कुणीतरी टपली मारली." मॅडम म्हणाल्या, "मागे मी एकटीच होते, दत्ता." लोक हसले ते तेव्हापासून. माझ्या सीटच्या हेडरेस्टचा, म्हणजे डोक्यामागच्या उशीचा, पुढचा अर्धा भाग जबडा उघडल्यासारखा पुढे आला होता. गॅरेजवाले म्हणाले, गाडी आदळली म्हणून उशी उघडली. मॅडम वाईट नव्हत्या हो. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "डुलकी लागली होती हे कबूल कर, मी विसरून जाईन. पण खोटं बोललास तर पुन्हा माझ्या गाडीवर बसायचं नाही." गाडीच्या पत्र्याचं काम व्हायला आठ दिवस लागणार होते. तेवढी मला मुदत होती. एकदा 'झोपणारा ड्रायव्हर' असं नाव पडलं की आमच्याकडे कुणी बैलगाडीसुद्धा हातात देत नाही. आणि न लागलेली डुलकी कबूल कशी करायची?

हेडरेस्ट शिवण्यासाठी अण्णांच्या दुकानात आलं आणि इथून अण्णांची काम करायची रीत सांगायला हवी. सुप्याच्या हमरस्त्याला त्यांचं 'कुशन वर्क्स' आज कित्येक वर्षं आहे. ट्रकची सीट असो, जीपची असो, नाहीतर सरपंचांच्या खुर्चीची गादी, अण्णा काम झाल्यावर तिच्यावर स्वतः बसतात. एक कप चहा संपेपर्यंत, डोळे मिटून. मगच ती दुकानाबाहेर जाते. "बसल्याबिगार सीट कळत न्हाई," हे त्यांचं वाक्य आम्हा शिष्यांना तोंडपाठ आहे. एकदा एका घाईतल्या ट्रकमालकाने हॉर्न वाजवून वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. अण्णांनी डोळे न उघडता सांगितलं, "तुमी बारा तास बसनार हाय तिच्यावर. मला बारा मिनिटं बसू द्या."

अण्णांची दुसरी खूण म्हणजे टपली. शिष्याची शिवण वाकडी गेली की मागून येऊन डोक्यात एक टपली देतात, बोलत नाहीत. मार नव्हेच तो. त्यात राग नसतो, 'जागा हो बाबा' एवढंच असतं. त्यांचे श्रीरामपूरचे उस्ताद, ज्यांच्याकडे ते हे काम शिकले, तेही अशीच देत म्हणे. मला ही टपली ओळखीची होती. माझे वडील, म्हणजे आबा, तेही मी हिशोबात चुकलो, रस्त्याने रेंगाळलो की अशीच मारायचे. आबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

अण्णांनी माझं हेडरेस्ट उसवलं. आत एक जाड स्प्रिंग आणि प्लास्टिकचा मोडलेला आकडा. त्यांनी मला समजावलं, "ही उशी शहानी हाय. मागनं कुनी गाडी ठोकली तर झटक्यानं फुडं येती आन् मान धरती, मोडू देत न्हाई. तवर ह्या बोटभर प्लास्टिकनं स्प्रिंग दाबून धरायची. आता सांग, धा वर्सं रातंदिस दाबून धरलं, वरनं आपलं ऊन. बोट म्हातारं हुनार का न्हाई?" मी म्हटलं, हे मॅडमना सांगू या. अण्णा म्हणाले, "सांगून काय? गाडी आदळल्यावर मोडलं म्हनतील. शेजारच्या सीटची उशी अजून मिटल्याली हाय. ती गाडी उभी असताना उघडली तर तू खरा." मी विचारलं, "आणि कधी उघडणार ती?" त्यावर अण्णा म्हणाले, "बसल्याबिगार कसं कळंल?"

आणि अण्णा बसले. दुसऱ्याच दिवसापासून. पत्र्याचं काम सकाळी चाले. दुपारी गाडी दुकानामागे उन्हात उभी करून अण्णा डाव्या सीटवर, मी स्टीअरिंगसमोर, माझ्या सीटला उशीच नाही. दारं उघडी. एका अनोळखी ड्रायव्हरच्या शब्दासाठी हा माणूस आपला धंदा सोडून रोज दुपारभर तापल्या गाडीत बसत होता. गिऱ्हाइकं येऊन परत जात होती. काकू, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवती, भाकरी-पिठलं गाडीतच आणून देत. एकदा म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं माझ्याशेजारी एवढा येळ बसला न्हाईत कदी." अण्णा म्हणाले, "तुझं डोकं कदी सटकंल ह्याची वाट बघावी लागत न्हाई." काकूंनी ताट काढूनच घेतलं होतं, मी हातापाया पडून परत मिळवलं.

त्या दुपारी मला आजही अर्ध्या झोपेत आठवल्यासारख्या आठवतात. काचेपलीकडे ऊन हलत असायचं. डोंगरावर पवनचक्क्या फिरायच्या, एखादी थांबलेली असायची. लिंबाचा मोहर वाऱ्याबरोबर गाडीत यायचा, डॅशबोर्डवर बारीक पांढरा थर साचायचा. अण्णा उस्तादांच्या गोष्टी सांगायचे. उस्ताद सुई तोंडात धरून गाणं कसं म्हणायचे, शेवटच्या आजारातही अण्णांची शिवण बोटांनी चाचपून कशी बघायचे. बोलता बोलता दोघेही गप्प व्हायचो. जागे आहोत की झोपेत, हे आमचं आम्हाला कळायचं नाही आणि कळून घ्यायची गरजही वाटायची नाही.

सहाव्या दुपारी 'खट्ट' असा आवाज आला.

अण्णांच्या डोक्याला मागून उशी लागली आणि अण्णा ताडकन वळून, एक पाय गाडीबाहेर टाकत म्हणाले, "आलो, उस्ताद!"

मागे कुणी नव्हतं. रिकामी सीट आणि मागच्या काचेतून दिसणारा लिंब. अण्णा तसेच बघत राहिले. गाडी जागची हलली नव्हती, कुणी धडकलं नव्हतं, आणि उशी उघडली होती. मी सुटलो होतो. मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या, पण अण्णांचे डोळे भरलेले पाहून माझाच बांध फुटला. मी तोवर एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. लाज वाटत होती. ती तेव्हा सांगितली. टपली बसल्यावर मीही मागे वळलो होतो. आबा आले असं वाटलं होतं. माझ्या तोंडून 'आबा' असा शब्दही निघाला होता, आणि वळताना स्टीअरिंगही माझ्याबरोबर वळलं होतं. अण्णांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "व्हय रं. आपल्याला मागनं टपली मारनारी मानसं किती असत्यात? एक न्हाईतर दोन. तीच आली असं वाटनार."

मॅडम दोन दिवसांनी आल्या. अण्णांनी दोन्ही आकडे रुमालावर मांडून दाखवले, एकाच जागी मोडलेले. मॅडमनी ते हातात घेऊन नीट पाहिले. मग मला विचारलं, "टपली बसली, मान्य. पण गाडी वावरात का गेली, दत्ता?" प्रश्न रास्त होता. मी खाली मान घातली. आबांचं नाव तिथे, त्या माणसांपुढे, तोंडातून निघेना. तेव्हा अण्णा म्हणाले, "मॅडम, मी बी वळलो मागं. माझी गाडी उभी हुती म्हनून वाचलो." मॅडमनी आकडे रुमालावर परत ठेवले. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "कोण आलंय असं वाटलं होतं?" मी सांगितलं. त्यांनी गॅरेजवाल्यांच्या देखत माझी माफी मागितली. मोठ्या माणसाला धाकट्याची माफी मागताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि ते घडवून आणणारे अण्णा बाजूला उभे राहून सुईत दोरा ओवत होते.

पुढे अण्णांनी गाडीच्या कंपनीला मराठीत पत्र लिहिलं, सोबत मोडका आकडा सुती पिशवीत शिवून पाठवला. उत्तर येईना तर पुन्हा लिहिलं. तिसऱ्या पत्रानंतर माणूस आला आणि दोन्ही उशा बदलून गेला. पण अण्णांना तेवढ्यावर स्वस्थ बसवेना. त्या बनावटीची गाडी रस्त्याने दिसली की ते हात करून थांबवत, ड्रायव्हरला खाली उतरवून उशी दाबून बघत, फटीतून आकडा पांढरा पडलेला, म्हणजे मोडायला आलेला, दिसला तर गाडी कंपनीकडे धाडत. कोपरगावच्या एका ड्रायव्हरने तर लुटारू समजून गाडी दामटली होती. अण्णा त्याच्यामागे मोटारसायकलवर नारायणगव्हाणपर्यंत गेले. आता तोच ड्रायव्हर एकसष्टीच्या सोहळ्यात पहिल्या रांगेत बसणार आहे.

मॅडमनी मला परत बोलावलं होतं. मी गेलो नाही. अण्णांच्या दुकानातच राहिलो, सुई धरायला शिकलो, आणि शिकताना डोक्यात किती टपल्या खाल्ल्या त्याची मोजदाद नाही. आता कोपरगावला माझं स्वतःचं दुकान आहे. सीट तयार झाली की मी तिच्यावर बसतो, चहा संपेपर्यंत. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.

मागच्या महिन्यात अण्णा माझ्या दुकानात आले होते. मी मशीनवर वाकून शिवत होतो आणि शिवण जरा वाकडी गेली असावी, कारण मागून टपली बसली. माझा हात थांबला. मला वळायची भीती वाटली, खरंच वाटली. मग वळलो, तर अण्णा उभे होते, गळ्यात टेप घालून, हसत. आता मी स्वतः चार जणांना शिकवतो, केस पिकले, तरी त्या क्षणी मला रडू आलं.

अण्णा, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, हातात सुई आणि खांद्यात जोर राहो, हे सगळे म्हणतीलच. माझं मागणं छोटं आहे आणि थोडं स्वार्थी आहे. अजून खूप वर्षं माझी शिवण वाकडी जात राहो. आणि मागून टपली बसली की मी वळेन तेव्हा तिथे तुम्हीच असा.