खुणेच्या वर बोटभर ऑइल

माझी पहिली फील्ड पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होती. उंची बारा हजार फूट. हुद्दा क्राफ्ट्समन, म्हणजे लष्करी गाड्यांचा मेकॅनिक. ट्रेनिंग संपून नऊ महिने झाले होते. शेडमध्ये सहा गाड्या आणि दोन मेकॅनिक. त्यातला दुसरा, माझा उस्ताद, तेव्हा रजेवर होता. त्यामुळे गाडी सोडायची सही माझी चालायची.

नाईक सदाशिव कांबळे ड्रायव्हर होते. ते निपाणीचे, मी खानापूर तालुक्यातला. आख्ख्या युनिटमध्ये आमच्या भागातले आम्ही दोघेच. मी त्यांना अण्णा म्हणायचो, ते मला गावड्या. त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारा छोटा ट्रक होता. त्याला आम्ही वन-टन म्हणायचो.

रोज सकाळी साडेपाचला फर्स्ट परेड. ही माणसांची नव्हे, गाड्यांची. ऑइल, पाणी, हवा, ब्रेक बघायचे, रजिस्टरमध्ये लिहायचे आणि सहा वाजता कॉलम, म्हणजे गाड्यांची रांग, सोडायचा. त्या दिवशी ०५५० ला मी वन-टनची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर बोटभर होतं. आदल्या सकाळी ते बरोबर खुणेवर होतं.

अण्णा वाकून बघत म्हणाले, "लई टाकलंस की रं."

"मी न्हाय टाकलं. तुमी टाकलं काय?"

"न्हाय बा."

मी पट्टी पुसली, परत बुडवली. तेवढंच. ऑइल कमी झालं तर कुठे गेलं ते शोधायचं, हे मला शिकवलं होतं. वाढलं तर काय करायचं? शेडमध्ये केरोसीनची शेगडी पेटलेली, मला सर्दी. वासाचं काही कळत नव्हतं. बाहेर सुभेदार साहेब शिट्टी देत होते.

"कमी तर न्हाय," मी म्हणालो. "जावा."

रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहून सही केली.

०८४० ला रेडिओ वाजला. "इंजन जाम. लंबी चढाई, मोड के नीचे. ओवर." त्या वळणावर वरून दगड सुटायचे, तिथे थांबायचं नाही असा कायमचा हुकूम होता. रिकव्हरी गाडी घेऊन मी निघालो. ०९१० ला दुसरा मेसेज आला. "एक कैजुअल्टी. ओवर."

जे घडलं ते मला मागच्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं. चढावर वन-टनचं इंजिन धरलं, म्हणजे जाम झालं. हँडब्रेक पुरेना, गाडी मागे सरकू लागली. मागे जवानांची गाडी होती. रस्ता अरुंद, तिला मागे घ्यायला वेळ हवा होता. अण्णांनी आपल्या सहड्रायव्हरला कड्याच्या आडोशाला पाठवलं. स्वतः उतरून चाकांमागे दगड लावत राहिले. गाडी थांबली. मग वरून दगड आला.

चौकशी झाली. अण्णांच्या मृत्यूचं कारण दरड. इंजिनाबद्दल एकच ओळ होती: ऑइल पुरेसं असूनही जाम, कारण अस्पष्ट. ट्रक खाली डेपोत गेला. तो उघडलेला मी पाहिला नाही. माझी बदली डिझेल गाड्यांवर झाली. हवालदार होऊन मी निवृत्त झालो, परत आपल्या भागात येऊन खासबागेत घर केलं. पण ते कोडं तसंच राहिलं. ऑइल होतं. जास्तच होतं. मग इंजिन धरलं कसं?

गेल्या महिन्यात निपाणीहून अण्णांच्या पत्नीचा, सुशीला वहिनींचा फोन आला. वहिनी शिक्षिका आहेत. अण्णांनी शेवटच्या रजेत घेतलेली जुनी कारबोरेटरवाली कार त्या अजून चालवतात.

"भावजी, गाडीतलं ऑइल वाढायलंय."

"कमी व्हायलंय म्हणा."

"न्हाय. वाढायलंय. मी दर रविवारी पट्टी बघते. गॅरेजवाला म्हणतोय इंजन गेलं, भंगारात घाला."

"उद्या येतो. तवर गाडी काढू नका," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निपाणीत पोचलो. बॉनेट उघडलं. इंजिन गरम झालं की उभ्या गाडीत स्लो स्पीडला ऑइलचा लाल दिवा लागत होता, म्हणजे प्रेशर पडत होतं. पट्टीवर ऑइल खुणेच्या वर. आधी पाण्याचा संशय घेतला, पण पाणी मिसळलं की ऑइल दुधाळ होतं. हे काळंच होतं आणि फार पातळ. एक थेंब नाकाजवळ नेला. पेट्रोल.

या जुन्या गाड्यांत पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. आत रबरी पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल गुपचूप ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढते, पण त्या ऑइलला वंगण म्हणून जोर राहत नाही. चढावर बेअरिंग घासतात, इंजिन धरतं. हे पुस्तकात मी वाचलेलं असणार. त्या सकाळी आठवलं नाही. नंतरही नाही.

पंप काढून लिव्हर दाबली. पडद्याखालून थेंब गळाले.

मी पायरीवर बसलो. कळलं म्हणावं तर त्या ट्रकचा पंप मी कधी पाहिला नव्हता. नाही कळलं म्हणावं तर हातात हा होता.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी सांगून टाकलं. "त्या सकाळी बी ऑइल असंच वर आलतं. अण्णांनी बघितलं, मी बघितलं. गाडी सोडली मीच."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "तुमाला तवा ठावं हुतं?"

"न्हाय."

"चाकामागं दगड लावा म्हणून त्यांना कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाय."

"मग ते त्यांनी केलं. त्यात तुमी वाटा मागू नका, भावजी."

ही माफी होती की ताकीद, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी मान हलवली आणि कामाला लागलो. जुनं ऑइल सगळं काढलं, फिल्टर बदलला, नवा पंप बसवला. वहिनी स्वतः गाडी घेऊन कोगनोळीपर्यंत जाऊन आल्या. दिवा लागला नाही. पातळी खुणेवर होती. इंजिन चांगलं होतं.

ट्रकचं काय झालं होतं, ते मला खात्रीने कधीच सांगता येणार नाही. जे खात्रीने माहीत आहे, तेवढं इथे लिहितो. नाईक सदाशिव कांबळे, राहणार निपाणी. त्यांच्या मागच्या गाडीत अकरा जवान होते. अकराही आपापल्या घरी परतले.