नोडल अधिकाऱ्याचा अतिरिक्त कार्यभार

नागपूरचे हिवाळी अधिवेशन बाहेरच्यांना वर्तमानपत्रांतून दिसते. आमच्यासारख्या विभागीय कार्यालयांत काम करणाऱ्यांना ते आधी पोलिसांच्या कठड्यांतून आणि मग प्रश्नांतून भेटते. सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडवलेले असतात, कार्यालय गाठायला लांबचा वळसा पडतो, आणि एकदा पोहोचले की जागेवरून उठता येत नाही. कोणत्या क्षणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर मागितले जाईल याचा नेम नसतो. त्या दिवसांत रजा मागायची नसते आणि शक्यतो आजारीही पडायचे नसते.

अशाच एका अधिवेशनात आमच्या वाट्याला एक तारांकित प्रश्न आला. सभागृहातल्या प्रश्नांची घडण ठरलेली असते: अमुक गोष्ट खरी आहे काय, असल्यास कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. या प्रश्नात विचारले होते, की विभागीय कार्यालयांनी सायबर सुरक्षेचा आणि सायबर घटना घडल्यास प्रतिसादाचा आराखडा तयार केला आहे काय, आणि त्यासाठी जबाबदार अधिकारी नेमला आहे काय. आमच्याकडे आराखडा नव्हता, अधिकारीही नव्हता. परंतु ‘नाही’ लिहिण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही. आधी ‘होय’ लिहिले गेले, आणि मग ते खरे करण्यासाठी अधिकाऱ्याचा शोध सुरू झाला.

तो शोध माझ्यापाशी थांबला. मी या नोकरीत वयाची मर्यादा संपता संपता आले. त्याआधीची बरीच वर्षे भाषाशास्त्राच्या अभ्यासात गेली होती, आणि संगणकाशी माझी ओळख टंकलेखनापलीकडची नव्हती. साहेबांनी मला बोलावले तेव्हा मी हे सांगितले. पण मी जे सांगते ते समोरच्याला बहुधा ऐकू जात नाही.

“मॅडम, या सगळ्या मार्गदर्शक सूचना इंग्रजीत आहेत,” साहेब म्हणाले. “दोन्ही भाषा नीट येणारं माणूस आपल्याकडे तुमच्याशिवाय कोण आहे? संगणक काय, तो चालतोच.”

साहेब स्वभावाने चांगले होते. कोणावर ओरडत नसत. मला ते कधी कधी ‘आमच्या विदुषी’ म्हणत, आणि ते कौतुक आहे की चेष्टा हे मला अखेरपर्यंत कळले नाही. त्यांच्या शेजारी बसलेल्या बड्या बाबूंनी, म्हणजे आमच्या मुख्य लिपिकांनी, माझा आदेश मी बोलत असतानाच तयार केला. सायबर सुरक्षा नोडल अधिकारी, अतिरिक्त कार्यभार, पुढील आदेशापर्यंत. हे शेवटचे दोन शब्द मी पुष्कळदा इतरांच्या आदेशांत वाचले होते. स्वतःच्या नावापुढे वाचताना प्रथमच ते मला एखाद्या खोलीसारखे वाटले, जिला बाहेरून कडी लागते.

आराखडा मी मन लावून लिहिला, हे मात्र खरे. दुसरे काही नीट येत नसले की माणूस जे येते त्यात शिरून बसतो. बाधित संगणक जाळ्यापासून विलग करावा; तज्ज्ञ पथकाने लेखी कळवल्याशिवाय तो पुन्हा जोडू नये; कोणी कोणाला कोणत्या क्रमाने कळवावे; प्रत्येकाने आपला पासवर्ड स्वतःपुरता ठेवावा. एक कलम डिजिटल स्वाक्षरीचे होते. ही स्वाक्षरी पेनड्राइव्हसारख्या एका लहानशा वस्तूत असते, तिला सगळे डोंगल म्हणतात. ते ज्याचे त्याने आपल्याजवळ बाळगावे, असे मी लिहिले.

प्रत्यक्षात साहेबांचे डोंगल साहेबांजवळ नसे. ते आमच्या संगणक चालक मुलीच्या संगणकाला कायमचे खोचलेले असे, आणि साहेबांचा मेलही तिथेच उघडा असे. ती कंत्राटी होती, कामठीहून रोज शेअर ऑटोने येई. साहेब बैठकीत असत, दौऱ्यावर असत. आलेले पत्र उघडणे, साहेबांना फोनवर वाचून दाखवणे, त्यांनी ‘करून टाक’ म्हटले की स्वाक्षरी उमटवणे, हे सारे ती करी. आमच्याच नव्हे, माझ्या माहितीतल्या कितीतरी कार्यालयांत हीच रीत होती. कोणाला त्यात वावगे दिसत नसे. उलट ज्याच्याकडे साहेबांचे डोंगल, त्याच्यावर साहेबांचा विश्वास, असा त्याचा अर्थ घेतला जाई. मी त्या कलमाकडे साहेबांचे लक्ष वेधले तेव्हा ते हसले. कागदावर ते असायलाच हवे, असे ते म्हणाले.

पासवर्ड बदला असे सांगत मी टेबलाटेबलाशी गेले तेव्हा बड्या बाबूंनी मला विचारले, “मॅडम, माझा पासवर्ड बायकोच्या नावाचा हाय. बदलवला त घरी काय सांगू जी?” सगळे हसले. त्या दिवसापासून माझे नाव ‘पासवर्डवाल्या मॅडम’ पडले. आराखड्यावर ‘गोपनीय’ असा शिक्का बसला आणि तो साहेबांच्या कपाटात बंद झाला. ज्यांनी तो पाळायचा होता त्यांपैकी कोणीच तो वाचला नाही.

अधिवेशन संपायच्या आत एक मेल आला. विषयात लिहिले होते: अधिवेशन, अतितातडीचे, पूरक माहिती. त्या दिवसांत असा मेल कोणाकडून आला हे कोणी पाहत नाही. पाहण्यात वेळ जातो, आणि वेळ गेला की खुलासा मागवला जातो. मुलीने साहेबांच्या मेलमधले ते जोडपत्र उघडले. काही वेळाने ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या संगणकावरची एकही फाइल उघडत नव्हती, फाइलींच्या नावांपुढे भलतीच अक्षरे आली होती, आणि पडद्यावर इंग्रजीत पैशांची एक मागणी झळकत होती. ती वाचायला तिने मला बोलावले होते.

मी जुन्या अभिलेख कक्षात गेले. तिथे जाळ्याच्या तारांची पेटी होती. कोणती तार कोणत्या संगणकाची हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मी सगळ्याच उपटल्या. सारे कार्यालय एकदम बंद झाले. त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेरच्या दालनातून आवाज येऊ लागले, आणि माझा फोन वाजला. साहेब विधानभवनातून बोलत होते.

“जोडा परत. मला आत्ता माहिती द्यायची आहे.”

“सर, पथकाने कळवल्याशिवाय जोडता येत नाही. आराखड्यात तसं आहे.”

“आराखडा कुणी लिहिला?”

“मी, सर.”

“मग बदला.”

मी गप्प राहिले. नकार देण्याची माझी तेवढीच पद्धत आहे. फोन बंद झाला, पुन्हा वाजला, पुन्हा बंद झाला. तारा मी जोडल्या नाहीत. पण खोलीबाहेर येण्याचे धैर्यही मला झाले नाही. दाराबाहेर माणसे जमली होती, आणि त्या सर्वांचे काम माझ्या हातातल्या गुंत्यात अडकले होते. मुंबईच्या तांत्रिक पथकाला मी कळवले होते; त्यांचा फोन येईपर्यंत मी तिथेच एका स्टुलावर बसून राहिले.

पथकाने पुढच्या काही दिवसांत बरेचसे परत मिळवले. जे मिळाले नाही ते जिल्ह्यांकडून पुन्हा मागवले गेले. अधिवेशन संपले, कठडे निघाले. उरला तो घटनेचा अहवाल. माझ्याच आराखड्यानुसार तो नोडल अधिकाऱ्याने लिहायचा होता, आणि त्यात ‘जबाबदारी निश्चिती’ असा एक परिच्छेद होता. मीच घातलेला.

साहेबांनी मला समोर बसवून शांतपणे सारे समजावले. आराखडा अमलात आहे असे सभागृहाला सांगितलेले आहे. आता साहेबांचा मेल साहेबांच्याच सांगण्यावरून दुसरे कोणी उघडत होते असे कागदावर आले, तर ते उत्तर खोटे ठरते, आणि हक्कभंगापर्यंत गोष्ट जाऊ शकते. म्हणून अहवालात असे यावे, की आराखडा होता, कंत्राटी कर्मचाऱ्याने वैयक्तिक निष्काळजीपणाने त्याचे उल्लंघन केले, आणि तिची सेवा समाप्त करण्यास कंत्राटी माणसे पुरवणाऱ्या संस्थेला कळवावे. तिला दुसरीकडे काम मिळेल, असेही ते म्हणाले. वय आहे तिचे.

दुसरीकडे काम मिळणार नव्हते. अशा शेऱ्यानिशी काढलेल्या माणसाला ती संस्था पुन्हा कोणत्याच सरकारी कार्यालयात ठेवत नसे, हे साहेबांना माहीत नसेल, पण कार्यालयात इतर सर्वांना होते. मुलीच्या वडिलांचे पॉवरलूम कधीच बंद पडले होते. घर तिच्या पगारावर चाले, आणि तिच्या कराराचे नूतनीकरण त्याच महिन्यात व्हायचे होते.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. एरवी डबा खाताना सगळ्यांच्या नकला करणारी मुलगी. त्या दिवशी तिने डबा उघडला नव्हता.

“मॅडम, तुमी माह्यावर लिहून राहिल्या ना?”

मी म्हटले, मी घटनेवर लिहिते आहे.

“एकच हाय जी ते,” ती म्हणाली. मग खाली बघत बोलत राहिली. “साहेबच म्हणाले होते, मी मीटिंगमंदी असलो का तूच उघडत जाय. आता ते म्हणतीन, मी कवा म्हटलं? लिहिलेलं त कुठीच नाही. मी त गेली आता.”

मी तिला धीर दिला नाही. खोटा द्यायचा नव्हता आणि खरा माझ्यापाशी नव्हता.

पहिला मसुदा मी जे घडले तसा लिहिला: अधिकाऱ्यांच्या तोंडी सूचनेनुसार चालक त्यांचा मेल हाताळत असे, त्यातून हे घडले. त्याची नस्ती, म्हणजे फाइल, परत आली. साहेबांनी तिच्यावर दोनच शब्द लिहिले होते: ‘चर्चा करावी’.

सरकारी कामात या दोन शब्दांइतके सोयीचे दुसरे काही मी पाहिलेले नाही. अधिकाऱ्याला नकार द्यायचा नसतो, होकारही द्यायचा नसतो. तो चर्चेला बोलावतो, काय हवे ते तोंडाने सांगतो, आणि कनिष्ठाने परत येऊन ‘चर्चेप्रमाणे सुधारित टिप्पणी सादर’ असे लिहून नवा मसुदा ठेवायचा असतो. चर्चेत काय झाले ते कोठेच राहत नाही. जे साहेबांनी सांगितले ते आता कनिष्ठाचे मत झालेले असते. वर्षानुवर्षे मी हे करत आले होते, आणि त्यात काही विशेष आहे असे मला कधी वाटले नव्हते.

मी चर्चेला गेले, ऐकले, परत आले, आणि मसुद्यातले चार शब्द मागेपुढे करून तोच पुन्हा पाठवला. पुन्हा ‘चर्चा करावी’. या खेपेस साहेब थोडे थकलेले दिसले. “मॅडम, एका मुलीसाठी तुम्ही सगळ्या कार्यालयाला अडकवताय,” ते म्हणाले. त्यांच्यासमोर मला उत्तर सुचले नाही. समोरासमोर मला ते कधीच सुचत नाही. खुर्चीवर परत येऊन बसले की सुचते, आणि तोवर बोलण्याची वेळ निघून गेलेली असते.

खुर्चीवर परत येऊन मी लिहिले: ‘चर्चेप्रमाणे. चर्चेत पुढीलप्रमाणे निर्देश प्राप्त झाले.’ आणि त्याखाली साहेब जे बोलले होते ते, शक्य तितके त्यांच्याच शब्दांत, लिहून काढले. सभागृहातील उत्तरास बाध येऊ नये यासाठी जबाबदारी कंत्राटी चालकावर निश्चित करावी. तिची सेवा समाप्त करण्याबाबत संस्थेस कळवावे. अधिकाऱ्याच्या तोंडी सूचनेचा उल्लेख वगळावा. शेवटी एक वाक्य माझे होते: वरीलप्रमाणे अहवाल सादर करावयाचा झाल्यास तसे लेखी आदेश व्हावेत, ही विनंती.

आमच्या नस्त्या आता संगणकावर चालतात, आणि एकदा पुढे पाठवलेली टिप्पणी कोणालाही पुसता येत नाही. ‘पाठवा’ हा शब्द मी दाबला आणि मग हात मांडीवर घेऊन बसून राहिले. ते शौर्य नव्हते. बोलता येत असते तर मी बोलले असते आणि बहुधा हरले असते.

त्या दिवशी मला कोणी बोलावले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दालनातली माणसे माझ्या टेबलाजवळून जाताना बोलणे थांबवत. मुलगी तिच्या बंद संगणकासमोर बसून जुन्या पत्रांवर जावक क्रमांक टाकत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

मग नस्ती आली. माझ्या शेवटच्या टिप्पणीवर साहेबांनी एक अक्षरही लिहिले नव्हते. त्यांनी माझा पहिला मसुदा मान्य केला होता, दोन दुरुस्त्यांसह. ‘अधिकाऱ्यांच्या तोंडी सूचनेनुसार’ याऐवजी ‘प्रचलित कार्यपद्धतीनुसार’, आणि ‘चालक त्यांचा मेल हाताळत असे’ याऐवजी ‘मेल हाताळले जात’. त्यामुळे जे घडले ते कोणीच केलेले नव्हते, ते एका पद्धतीने केले होते, आणि पद्धतीत सुधारणा करण्यात येत आहे असे पुढे म्हटले होते. चालकाचा उल्लेख कोठेच उरला नव्हता. त्या महिन्यात तिचा करार वाढवून मिळाला.

मी साहेबांकडे जाऊन नोडल अधिकाऱ्याच्या कार्यभारातून मोकळे करण्याची विनंती केली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली.

“तुम्ही बोलत नाही म्हणून मी निर्धास्त होतो,” ते म्हणाले. “आता तुम्हाला कसं सोडू? वरती सगळ्यांना वाटतंय, हे काम आपल्याकडे कुणीतरी गांभीर्याने करतं.”

मुलगी करार वाढल्याचे सांगायला आली तेव्हा आभार मानण्याच्या फंदात पडली नाही, याचे मला बरे वाटले. ती एवढेच म्हणाली, “मी आता कोनताबी मेल उघडत नाही जी. पहिले तुमी पाहा, मंग मी.” मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी बड्या बाबूंनीही त्यांचे मेल माझ्याकडे वळवले. मग आस्थापना शाखेने. मग एक दिवस साहेबांच्या मेलचेही तसेच ठरले.

आता सकाळी मी येते तेव्हा साऱ्या कार्यालयाची न उघडलेली पत्रे माझ्या पडद्यावर थांबलेली असतात. आराखडा लिहिताना असे कलम मी कधीच घातले नसते. एकाच व्यक्तीने सर्वांचे सर्व उघडणे धोक्याचे आहे, असे मी निवेदन दिले आहे. ते विचाराधीन आहे. तोवर दर पत्राचा पत्ता मी अक्षर न् अक्षर वाचते, जोडपत्रावर बाण नेते, आणि क्षणभर थांबते. दालनातले सगळे माझ्याकडे पाहत नसल्यासारखे करतात. मग मी ते उघडते. आत बहुधा बैठकीची सूचना असते, आणि ती बैठक होऊन गेलेली असते.