‘बरं’ म्हणजे हो नव्हे

विद्यापीठाच्या कार्यालयात सव्वीस वर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहिणाऱ्या बाईला सगळे टिपणबाई म्हणत. बैठक कशाचीही असो, ती खिडकीकडे पाठ करून बसे आणि जो जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवून घेई. कोण कधी खोकलं तेही हिच्या वहीत सापडेल, असं शिपाई म्हणायचा.

त्या वर्षी सर्व शाखांच्या सामाईक अभ्यासक्रमाची फेररचना निघाली. विज्ञान असो की वाणिज्य, पहिल्या वर्षी ‘वाचन आणि विचार’ हा पेपर सगळ्यांना सक्तीचा होता. सहा पुस्तकं वाचायची आणि त्यांवर आपल्या शब्दांत लिहायचं. समितीच्या अध्यक्षांना त्याच्या जागी ‘व्यवसाय कौशल्ये’ हा पेपर आणायचा होता. मात्र सक्तीचा पेपर काढायला समितीचं एकमत लागे. एकाचीही हरकत निघाली, तर विषय विद्यापरिषदेत साठ जणांच्या मतदानाला जाणार.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, “मग काढू या हा पेपर?”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याच महिन्यात निवृत्त होणारे तत्त्वज्ञानाचे सर चष्मा पुसत म्हणाले, “बरं.” अध्यक्षांनी चटकन फाईल मिटली. सर पुढे म्हणाले, “मग मुलांनी वाचायचं कधी?” पण तोवर चहा आला होता, खुर्च्या सरकल्या होत्या.

टिपणबाईने दोन्ही वाक्यं लिहिली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. “बाई, हे काय पाल्हाळ? ‘एकमताने मंजूर’ एवढंच लिहा.”

“सरांचं मत कुठे मिळालंय?”

“बरं म्हणाले ना ते! मी काय बहिरा आहे?”

“ऐकलंत ते बरोबर, पण अर्धंच ऐकलंत. बरं म्हणजे हो नव्हे, साहेब. माझ्या नणंदेला मी रोज सांगते, औषध घ्या. त्या बरं म्हणतात. बाटली अजून भरलेली आहे.”

अध्यक्षांना हसू आलं नाही. “तुम्हाला त्या पेपराचा पुळका आलाय.”

“पुळका? नोकरी करून बीए केलं तेव्हा दोनदा नापास झालेय मी त्यात! पेपर ठेवा नाहीतर काढा. सर बोलले ते मात्र मी खोडणार नाही.”

संध्याकाळी अध्यक्षांनी स्वतःच इतिवृत्त टाईप करून तिच्याकडे सहीला पाठवलं. तिच्या सहीशिवाय ते पुढे जात नसे. तिने कागद दोनदा वाचला आणि सही न करता परत पाठवला.

घरी नणंद वैतागली. “वहिनी, दोन वर्षं राहिलीत नोकरीची. सर तर चाललेच घरी. कोण विचारणार आहे तुम्हाला?”

“म्हणूनच. ते गेल्यावर त्यांचं बोलणं त्या कागदावरच तर उरणार.”

“तुमच्यापुढे बोलून उपयोग नाही!”

“नाहीच,” टिपणबाई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

पुढची बैठक भरली तेव्हा सरांची खुर्ची रिकामी होती. रिवाजाप्रमाणे मागचं इतिवृत्त तिनेच वाचायचं होतं. तिने आपल्या वहीतून वाचलं, सरांच्या प्रश्नासकट. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. “असं काही झालेलं नाही. झालं असेल तर कोणी सांगावं.”

कोणी वर बघेना. टिपणबाई मात्र उभीच राहिली, बसायची तयारी दिसेना.

शेवटी रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, “विचारलं होतं त्यांनी. मी ऐकलं. उत्तर सुचलं नाही, म्हणून मी मुकाट चहा घेतला.”

मग आणखी दोघांना आठवलं. विषय विद्यापरिषदेकडे पाठवायचा, असं ठरलं. आता तिथे साठ जण काय कौल देतील ते देतील, पण मुलांनी वाचायचं कधी, या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागणार होतं.

बैठक संपल्यावर अध्यक्ष तिच्या टेबलापाशी येऊन थांबले. “उद्यापासून तुम्ही टपाल विभागात. बसा लिफाफे चिकटवत.”

“बसते की,” टिपणबाई म्हणाली. “फक्त कारणासकट लेखी द्या. तोंडी ऐकलेल्याचे लोक पुढे भलतेच अर्थ लावतात.”