फ्रेंच बुड्याची कॅसेट

माझे बाबा माजरीत गायला बसले की वरोऱ्याच्या बाजारात कापसाच्या गाठी आपोआप सुटायच्या. खोटं वाटत असेल तर वरोऱ्यात विचारा. तिथले लोक माझ्याहून जास्त फेकतात. भीमजयंतीला वस्तीची गायन पार्टी उभी राहिली की भोंगेवाला भोंगा बंद करून विडी ओढत बसायचा. मग खाणीतल्या कोळशाने त्यांची छाती भरली. पंच्याऐंशी सालच्या सुमारास त्यांना फुंकर मारून चिमणी विझवता येईना.

हलकं काम म्हणून त्यांना गेस्ट हाउसच्या फाटकावर बसवलं. तिथे एक फ्रेंच इंजिनियर यंत्र लावायला आला होता. यंत्र पहिल्याच पावसात बसलं. साहेब गेला, मागे एक फाटका मोजा आणि एक कॅसेट राहिली. बाबांनी दोन्ही घरी आणली. मोज्यात आईने हळकुंडं भरली.

कॅसेटवर एका मिशीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र होतं. माझ्या अर्ध्याकच्च्या इंग्रजीने मी वाचून दाखवलं: हा मोठा संगीतकार, मेल्यावर याच्याच देशाने याला विसरून टाकलं, आता कोणीतरी जुने कागद शोधून पुन्हा वाजवलं.

"गाववाल्यायनंच इसरलं? काऊन?" बाबांनी विचारलं, जणू मीच विसरलो होतो.

घरच्या टेपवर कॅसेट लावली. एक व्हायोलिन, एक पियानो. आई म्हणाली, "मांजर अडकली वाटते कवाडात."

"चूप. बुडा दम घेऊन राह्यला. पाय, आता चढन."

म्हाताऱ्याच्या दमाशी ते आपला दम जुळवायचे. त्या उन्हाळ्यात तारेवरचे कावळे भाजून खाली पडत होते, आणि आमच्या घरात दुसरं काही वाजत नव्हतं.

डॉक्टरने मान हलवली तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं की बाबांचा आवाज कशातच भरून ठेवलेला नाही. एका दुपारी तेच म्हणाले, "आज दम हाय. लावा टेप, गातो."

घरात कोरी कॅसेट नव्हती. माझ्या बहिणीचा नवरा आला होता. तेव्हा सगळेच करत तसं भाऊजींनी विकतच्या कॅसेटच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला, म्हणजे तिच्यावर नवीन भरता येतं, आणि लाल बटण दाबलं.

बाबा खाकरले. थांबले. "जावईबापू, कॅसेट कोनती लावली?"

"तेच ते मांजर, मामाजी. दुसरी नाई ना घरी."

"काढा."

"तुमचा आवाज रायला पायजे, मामाजी."

"त्याले एकडाव मारलं त्याच्या गाववाल्यायनं. आता आपुन मारता? वरोऱ्याहून कोरी आना. मी कुठी चाललो?"

मी निघालो. बस इतकी हळू की बैलगाडीवाले मागे वळून हसत होते. यापुढे मात्र पदरचा एक शब्द घालत नाही. मी परतलो तेव्हा बाबांच्या छातीत फक्त घरघर उरली होती. माझ्या हातातली कॅसेट पाहून त्यांनी हाताने 'उद्या' अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी अंगणात पांढरे कपडे घातलेली माणसं होती आणि त्रिशरण चाललं होतं.

ती कॅसेट अजून कोरीच आहे. आम्ही लावतो ती बुड्याची. व्हायोलिन चढत जातं आणि मध्येच तुटतं. कोणीतरी खाकरतं. मग भाऊजी, मग बाबा. घोटाळ्यात लाल बटण बंद करायचं राहूनच गेलं होतं.

"मी कुठी चाललो?"

खट्. आणि बुडा पुढे वाजू लागतो.