हात हलतोय म्हणजे घेतोय

आबा, म्हणजे माझे वडील, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. राजारामपुरीतल्या निम्म्या पाट्या त्यांच्याच हातच्या. पट्टी न लावता ते शिरोरेघ ओढायचे आणि शेवटी अनुस्वाराचा ठिपका मला द्यायला लावायचे. तेवढ्यावर मी शाळेत आठवडाभर मिरवायचे. आता सगळीकडे फ्लेक्स लागलेत, आणि त्या शिरोरेघा आठवल्या की जीव तुटतो.

मी नोकरीला लागले त्या सुमारास त्यांचा हात हलू लागला. बशी तोंडाशी नेईपर्यंत निम्मा चहा शर्टावर सांडायचा. आमच्या गल्लीला निदान करायला डॉक्टर लागत नाही. हात हलतोय म्हणजे घेतोय, संपला विषय. हळूहळू कामं यायची बंद झाली. आणि मी, चांगली शिकलेली बाई, त्यांचा शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगून बघायचे. वास यायचा तो फक्त टर्पेंटाइनचा. तरी माझा संशय जाईना.

शेवटी मीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी हात मांडीवर ठेवायला सांगितले. हात गप्प. मग कागदावर चकली काढायला लावली. जन्मभर अक्षरं वळवलेल्या माणसाची चकली खरोखरच काटेरी निघाली. मला तिथंच रडू आलं. बाई समजावत होत्या, कंपवातात हात बहुधा स्वस्थ असताना थरथरतो, यांचा कामाला लागला की थरथरतो. कुणाची मान एका बाजूला ओढली जाते, कुणाची बोटं फक्त लिहितानाच आखडतात. हरेक तऱ्हा वेगळी, तिचं औषध वेगळं. यांचा प्रकार बऱ्याचदा घराण्यात चालत येतो म्हणे. वडिलांचा हात हलायचा का, असं त्यांनी आबांना विचारलं.

आबांनी चकलीचा कागद पालथा घातला.

"हलायचा की," ते म्हणाले. "आमी म्हनायचो, म्हातारा घेतोय. मरंपतोर त्येच म्हनलो."

परतताना रिक्षात मी मान खाली घालून बसले होते. शर्टाचं सांगून माफी मागावी, तर तोंड उघडेना. आबांनीच माझ्या हातावर हात ठेवला. तो जराही हलत नव्हता.

"शर्ट हुंगताना बघितलंय मी तुला," ते म्हणाले. "तू निदान हुंगून तरी बघितलंस. मी माझ्या बापासाठी तेवढं बी केलं न्हाय."